मूल पहिल्याच अर्ध्या तासात सगळं सांगतं, ऐकतं कोण? (भयपटांचे शेवट, रहस्यभेद आहे!)

मधली_सुट्टी

सूचना आधीच देतो. या धाग्यात सगळ्यांचे शेवट फोडलेले आहेत. 'द ऑर्फनेज', 'दि अदर्स', 'गुडनाइट मॉमी', 'डार्क वॉटर', 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' यांतलं काही बघायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा. नंतर "सस्पेन्स घालवला" म्हणून रडारड चालणार नाही.

लहान मुलांभोवती फिरणारा मानसिक भयपट बघून झाला की आपल्याकडे एकच वाद होतो: भूत खरं होतं की तिच्या डोक्यात होतं? ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात, रात्री एक वाजेपर्यंत हाणामारी होते आणि सकाळी कोणीतरी यूट्यूबवरच्या 'एंडिंग एक्स्प्लेन्ड'ची लिंक टाकून विषय मिटवतो. मला तो प्रश्नच आताशा कंटाळवाणा वाटतो. मी दुसरं करतो. शेवट कळला की सिनेमा परत पहिल्यापासून लावायचा आणि पहिल्या अर्ध्या तासात मूल जे जे बोलतं ते शब्दशः खरं धरायचं. बहुतेक वेळा शेवट तिथेच सांगून झालेला असतो. घरातल्या मोठ्यांनी ऐकलेलं नसतं, आणि त्यांच्या नादाने आपणही.

दिग्दर्शक बायोनाचा 'द ऑर्फनेज' (स्पॅनिश, २००७) घ्या. लॉरा ज्या अनाथाश्रमात लहानाची मोठी झाली तीच पडीक वास्तू घेऊन ती नवरा कार्लोस आणि मुलगा सिमॉन यांच्यासह राहायला येते. विशेष मुलांसाठी तिथे घर काढायचंय. सिमॉनला कोणाला न दिसणारे मित्र आहेत, त्यांतला एक टोमास. आईबापांना ते माहीत आहे, "वयच असतं असं" म्हणून सोडून देतात. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे दारात, लॉराची धावपळ, आणि हा मागे लागतो: चल, तुला टोमासचं घर दाखवतो. ती वैतागते, एक ठेवून देते. त्यानंतर मुलगा गायब. मग पोलीस येतात, समुद्रकिनाऱ्यावरच्या गुहा धुंडाळल्या जातात, मृतांशी बोलणारी बाई येते (जेराल्डिन चॅप्लिन, चार प्रसंग आणि सगळा सिनेमा खिशात). शेवटी कळतं की टोमासचं घर म्हणजे जिन्याखालच्या अडगळीच्या कपाटामागचं तळघर. सिमॉन त्या दिवशी तिथेच गेला होता. आणि त्याला शोधताना लॉरानेच ते कपाट उघडलं होतं, आतले परांचीचे लोखंडी पाइप घसरले, तिने ते नीट उभे करून ठेवले, नेमके त्या छुप्या दाराला टेकवून. रात्री घरात घुमणारे ठोके तिचा मुलगा देत होता.

सिमॉनने पत्ता सांगितला होता हो. जागा, घर कोणाचं, कधी जायचं, सगळं. आईला वेळ नव्हता.

'दि अदर्स'मध्ये (२००१) तर आणखी उघड आहे. ॲन ही मुलगी सुरुवातीपासून सांगतेय की "त्या दिवशी" मम्मी वेडी झाली. धाकटा निकोलस गप्प बसवतो, ग्रेस (निकोल किडमन) शिक्षा करते, आणि आपण म्हणतो पोरगी आगाऊ आहे. वर नोकरांच्या जाहिरातीचं पत्र टपालात पडलेलंच नाही, तरी नोकर दारात हजर! हे ग्रेसच्या लक्षात येतं आणि तीच ते बाजूला सारते. घरात भुतं आहेत, आणि ती भुतं म्हणजे हेच कुटुंब, आईने उशीने मुलांना मारून मग स्वतःवर गोळी झाडलेली आहे, हे कळल्यावर ॲनचं एकही वाक्य खोटं निघत नाही.

तर मंडळी, माझं म्हणणं असं. हा नियम कुठे कुठे लागू पडतो आणि कुठे मोडतो, सांगा.

---

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. बाकी 'द सिक्स्थ सेन्स'चा उल्लेख कसा नाही? पोरगं ब्रूस विलिसच्या तोंडावर सांगतं की मेलेल्यांना आपण मेलोय हे ठाऊक नसतं, त्यांना जे बघायचं तेवढंच दिसतं. आणि थेटरात आम्ही सगळे: "अरेरे, बिचाऱ्या डॉक्टरला किती त्रास देतंय."

---

ओसरी

मसु, धागा छान, पण 'द ऑर्फनेज'मधली सगळ्यात वादाची जागा तुम्ही उडी मारून गेलात. पार्टीच्या दिवशी चेहऱ्यावर पोत्याचा मुखवटा घातलेला एक मुलगा लॉराला न्हाणीघरात ढकलतो आणि दार तिच्या बोटांवर आपटतो. तो कोण? आपल्याला आधी वाटतं टोमासचं भूत. पुढे सिमॉनचा मृतदेह सापडतो तेव्हा तोच मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर आहे. म्हणजे न्हाणीघरात सिमॉनच होता, नुकतीच थोबाडीत खाल्लेला आणि रागावलेला मुलगा. तसं धरलं तर त्या घरात भूत असल्याचा सुरुवातीचा सगळ्यात ठोस पुरावाच गळून पडतो.

मग काय उरतं? चॅप्लिनबाईंचा प्रयोग. तिथे यंत्रांवर बाकीच्यांनाही मुलांचे आवाज ऐकू येतात, पण कार्लोसला ती सगळी बनवाबनवी वाटते, आणि दिग्दर्शक त्याला खोटंही पाडत नाही. लॉराचा शेवटचा खेळ? ती तिथे एकटी आहे. थोडक्यात, 'सगळं तिच्या मनात' वाल्यांना जवळजवळ पूर्ण सिनेमा मिळतो. अडचण फक्त शेवटच्या मिनिटाची आहे. त्यावर येईनच, आधी बाकीच्यांना बोलू द्या.

---

रंकाळा_काठ

माझा 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' डोक्यावरून गेला बघा. शेवटी सावत्र आई दोन झाल्या का काय? कोणीतरी मराठीत समजावून सांगा. त्या इंग्रजी व्हिडिओवाल्याने आणखी घोळ घातला.

---

मधली_सुट्टी

रंकाळा, बसा, सांगतो. कोरियन सिनेमा, २००३, दिग्दर्शक किम जी-वून. तिकडच्या जुन्या लोककथेवर बेतलेला, दोन बहिणी आणि छळणारी सावत्र आई.

जे दिसतं ते असं: सु-मी आणि धाकटी सु-यॉन दवाखान्यातून घरी येतात, घरात बाप आणि सावत्र आई उन-जू. सावत्र आई धाकटीला छळते, कपाटात कोंडते.

जे असतं ते असं: धाकटी केव्हाच मेलेली आहे. घरी आलेत फक्त सु-मी आणि बाप. सु-मी तीन भूमिका वठवतेय: स्वतःची, बहिणीची आणि सावत्र आईची. खरी उन-जू शेवटाकडे बाहेरून घरी येते, म्हणून तुम्हाला दोन दिसल्या.

आता परत बघताना बाप बघा. तो धाकटीशी एकदाही थेट बोलत नाही. गोळ्या देतो त्या सु-मीला. घरातल्या तिघींची पाळी एकाच दिवशी येते, हे तर बोलूनही दाखवलंय. बापाला पहिल्या प्रसंगापासून सगळं माहीत आहे, दमलेला माणूस आहे तो, मुलीच्या नाटकात मुकाट्याने बसलाय.

आणि खरा घाव मागच्या कथेत आहे. आईने धाकटीच्या खोलीतल्या कपाटात जीव दिला. पोरगी तिला ओढायला गेली आणि कपाटच अंगावर आलं. उन-जूने आवाज ऐकला, दार उघडून पाहिलं आणि मागे फिरली. मग तिचं तिलाच राहवेना, परत जायला निघाली तर बोळात सु-मी आडवी आली, फटकळ बोलली. उन-जू म्हणाली, या क्षणाचा तुला पस्तावा होईल. सु-मी तरातरा घराबाहेर निघून गेली. वर बहीण अजून जिवंत होती.

ते एवढंसं भांडण झालं नसतं तर! म्हणून सु-मीला दोघींना जिवंत ठेवावं लागतं, एकीला प्रेमासाठी आणि दुसरीला दोष द्यायला.

---

रंकाळा_काठ

आत्ता कळलं! पण मग जेवायला आलेल्या पाहुणीला फिट येते आणि तिला सिंकखाली मुलगी दिसते, ती? ती तर सु-मीच्या डोक्यात नव्हती.

---

मधली_सुट्टी

बरोबर पकडलंत. तिथे किमने दोन्ही दारं उघडी ठेवलीत. मुलगी आजारी आहे आणि घरात भूतही आहे. दोन्ही एकदम असायला काय हरकत आहे?

---

रानजाई

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचत असते. आमची मुलगी दत्तक आहे, त्यामुळे 'द ऑर्फनेज' मी जरा वेगळ्या पोटदुखीने पाहिला.

सिमॉन दत्तक आहे आणि त्याला एचआयव्ही आहे. दोन्ही गोष्टी त्याला सांगितलेल्या नाहीत. त्याचे मित्र म्हणे त्याच्याशी खजिना-शोधाचा खेळ खेळतात, एकेक वस्तू पळवतात, खुणा ठेवतात, आणि शेवटची खूण आईच्या कुलूपबंद खणाशी येते. आत त्याचीच कागदपत्रं. मग तो आईवर ओरडतो की तू माझी आई नाहीस, मी मरणार आहे, हे मला टोमासने सांगितलं. ओसरीताई भूत आहे की नाही हे मोजत बसल्यात, पण त्या प्रसंगात त्याने काही फरक पडत नाही. भुताने सांगितलं असेल नाहीतर पोराने स्वतः खण उचकटला असेल, आईने सांगायला हवं होतं ते दुसऱ्या कोणाकडून कळलं.

दत्तक प्रक्रियेत समुपदेशक बाई सगळ्यात आधी हेच बजावतात: सांगायला योग्य वेळेची वाट बघू नका, कळायला लागायच्या आधीपासून गोष्टीसारखं सांगत राहा. आम्ही तसं केलं. आमच्या नात्यातल्या काहींना तो आगाऊपणा वाटला, "कशाला लेकराच्या मनात भरवता" वगैरे. त्या सगळ्यांना मी हा सिनेमा दाखवणार होते, पण भुताचा आहे म्हटल्यावर कोण बसतंय!

आणि जाता जाता, 'ऑर्फन' (२००९) मला अजिबात आवडला नाही. दत्तक घेतलेली नऊ वर्षांची एस्थर ही मुळात तेहेतीस वर्षांची बाई निघते, वाढ खुंटलेली. धक्का बसतो, नाही कोण म्हणतंय, पण तो बसतो तो "परकं पोर घरात आणलं की काय होईल कोण जाणे" या जुन्याच भीतीवर. अमेरिकेत तेव्हा दत्तक पालकांनी आक्षेप घेतला होता. जाहिरातीत असं वाक्य होतं की दत्तक मुलावर पोटच्यासारखं प्रेम करणं अवघड असणार. निर्मात्यांना ते काढावं लागलं.

---

बिनसाखरेचा

रानजाई, प्रतिसाद आवडला, पण 'ऑर्फन'वर अन्याय होतोय. त्यातही मसुंचा नियम लागू आहे! घरातली धाकटी मॅक्स, जिला ऐकू येत नाही, तिने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एस्थर तिला धमकावून गप्प ठेवते. खरं मूल कोणतं, तर जिचं कोणी ऐकत नाही ते. दिग्दर्शक कोलेत-सेराला ते कळलेलं आहे.

मात्र नियमाचा खरा बोऱ्या वाजतो तो 'गुडनाइट मॉमी'त. ऑस्ट्रियन, २०१४, वेरोनिका फ्रान्झ आणि सेवेरिन फियाला. जुळे भाऊ, एलियास आणि लुकास, शेताकडेला एकट्या आलिशान घरात. आई चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून पट्ट्या बांधून परत आलीय. मुलं म्हणतात ही आमची आई नव्हे. मसुंच्या पद्धतीने मुलाचं वाक्य खरं धरलं तर आई तोतया. आणि आपण खरंच तसं धरतो! ती कडक वागते, लुकासशी बोलत नाही, एकालाच वाढते. सगळा कॅमेरा मुलांच्या बाजूने.

आणि सत्य काय? लुकास अपघातात गेलेला आहे. ती त्याच्याशी बोलत नाही कारण तिथे कोणी नाहीच. शेवटी एलियास तिला बांधून घालतो, भिंगाने गाल जाळतो, ओठ चिकटवतो (हे बघताना मी उठून पाणी प्यायला गेलो), आणि तिला एकच परीक्षा देतो: लुकास आत्ता काय करतोय ते सांग. खरी आई असशील तर दिसेल. तिला दिसत नाही. घर पेटतं.

इथे मुलाचं ऐकणं हाच सापळा आहे. करा आता नियम दुरुस्त.

---

चहाटळ

धाग्याचं काश्मीर (म्हणजे न संपणारं भांडण) व्हायच्या बेतात आहे, मी पॉपकॉर्न घेऊन आलो.

---

मधली_सुट्टी

बिनसाखरेचा, छान पेचात धरलंत. पण त्या सिनेमातला एक प्रसंग आठवा. आईच्या कपाळावर चिठ्ठी लावून 'मी कोण' ओळखण्याचा खेळ चाललाय. चिठ्ठीवर लिहिलंय 'मम्मा'. मुलं एकेक खूण देतात आणि तिला काही केल्या ओळखता येत नाही. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, सापडली, तोतया! दुसऱ्यांदा पाहताना असं दिसतं की मुलाने आईला सरळ विचारलंय, तू अजून माझी आई आहेस का? आणि ती दुःखाने इतकी पिचलीय की तिला उत्तर देता येत नाही. एलियास तपशिलात चुकतोय, तक्रारीत चुकत नाहीये. एक मूल गेलंय, तिने ठरवलंय की त्याचं नावही काढायचं नाही, उरलेल्याच्या खेळात सामील व्हायचं नाही. डॉक्टरी सल्ला असेल, पण त्या घरात कोणी मोकळेपणी रडलेलंच दिसत नाही.

'ऐकणं' म्हणजे 'जसंच्या तसं मान्य करणं' असं मी म्हणत नाहीये.

---

बिनसाखरेचा

पहिल्या पोस्टमध्ये "शब्दशः खरं धरायचं" हे कोणी लिहिलं होतं बरं? :) हलके घ्या.

---

गवतफुला

मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं गंभीर लिहिते.

'द ऑर्फनेज'च्या शेवटाबद्दल इथे सगळे तळघरापाशी थांबलेत. त्याच्या पुढचं मला खटकतं. मुलाचं शव मांडीवर घेऊन लॉरा स्वतःचा जीव संपवते, आणि लगेच काय होतं? दीपगृहाचा दिवा लागतो, सगळी मेलेली मुलं जमतात, आंधळी मुलगी तिचा चेहरा चाचपून तिला ओळखते, सिमॉन जागा होतो, ती सगळ्यांची आई होते. गोष्ट सांगत बसलेली आई, उबदार उजेड, संगीत. आत्महत्येला इतकं मऊ अंथरूण घालून दिलेलं मला पाहवत नाही. ज्या आईबापांचं मूल गेलंय त्यांच्या मनात "आपणही गेलो तर भेटेल" हा विचार येतोच, मी तो समोर बसून ऐकलेला आहे. सिनेमा त्याला होकार देतो.

याउलट हिदेओ नाकाताचा 'डार्क वॉटर' (२००२) बघा. घटस्फोटाच्या खटल्यात ताब्यासाठी झगडणारी योशिमी आणि तिची बालवाडीतली इकुको, गळक्या छताची जुनी इमारत, पुन्हा पुन्हा हाती येणारी लाल पिशवी. वरच्या मजल्यावरची मित्सुको आधीच नाहीशी झालेली, ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून गेलेली असते. तिला न्यायला तेव्हा कोणी वेळेवर आलं नव्हतं. लिफ्टमध्ये योशिमी मुलीला कवटाळून उभी आहे आणि समोरच्या घरातून इकुको धावत बाहेर येते. मग कुशीत कोण? त्या क्षणी ती ठरवते. ती मित्सुकोची आई व्हायला कबूल होते, म्हणजे तिची स्वतःची मुलगी वाचेल.

तिथेही आई मेलेल्या मुलाकडे जाते, पण किंमत दाखवलीय. दहा वर्षांनी सोळाची इकुको त्या इमारतीत येते, आई तशीच दिसते, आणि मुलगी म्हणते मी इथे राहू का. आई नाही म्हणते. आई तिला परत पाठवते हो! नाकाताला हे माहीत आहे की जिवंत मुलाला जिवंतांतच राहायला लावायचं असतं. बायोना ते विसरला असं माझं मत.

---

रानजाई

गवतफुला, लिफ्टच्या प्रसंगाला मी ढसाढसा रडले होते. नोकरी करणाऱ्या आयांनी तो सिनेमा शाळा सुटायच्या वेळेच्या आसपास बघू नये. पाळणाघरातून मुलगी आणायला उशीर झाला की अजून आठवतो.

---

ओसरी

आता शेवटच्या मिनिटावर येते. गवतफुला, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण शेवट लॉराचा नाहीये, कार्लोसचा आहे. तो डॉक्टर, नाकासमोर चालणारा माणूस. त्याने लॉराला सेंट अँथनीचं पदक दिलं होतं, सिमॉन सापडला की परत दे म्हणून. हा संत हरवलेल्या वस्तू शोधून देणारा. शेवटी तो रिकाम्या शयनगृहात येतो, ते पदक जमिनीवर सापडतं, दार उघडतं, आणि तो हसतो.

तीन अर्थ निघतात. एक, भुतं आहेत, लॉराने वचन पाळलं. दोन, पदक तिच्या हातून तिथे पडलं होतं, दार वाऱ्याने उघडलं, आणि या माणसाला आता विश्वास ठेवल्याशिवाय जगता येणार नाही. तीन, आणि हाच मला पटतो, त्याचीही वाटचाल लॉराच्याच दिशेने सुरू झालीय. ते हसू बघून मला दिलासा मिळाला नाही, धडकी भरली. एका घरात माणसं एकामागून एक जातात ती अशी. गवतफुलांना जो होकार वाटला तोच मला इशारा वाटतो.

भूत खरं आणि भूत मनातलं, हे दोन्ही अर्थ शेवटपर्यंत सांभाळण्याची विद्या जुनी आहे. १९६१चा 'दि इनोसन्ट्स' पाहा, हेन्री जेम्सच्या १८९८च्या कादंबरिकेवर जॅक क्लेटनने केलेला. त्या कथेतली, दोन मुलांना सांभाळायला नेमलेली शिक्षिकाच भ्रमिष्ट आहे, भुतं तिच्याच दबलेल्या मनातली आहेत, असं समीक्षक एडमंड विल्सनने १९३४ साली मांडलं आणि तेव्हापासून इंग्रजीचे प्राध्यापक भांडताहेत. क्लेटनची हुशारी बघा. तळ्यापलीकडे मिस जेसेल (आधीची, मेलेली शिक्षिका) उभी दिसते ती फक्त शिक्षिकेला, शेजारी उभ्या, घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसला काही दिसत नाही. गुण भ्रमाच्या बाजूला. पण वर्गात तीच आकृती रडताना दिसते, नाहीशी होते, आणि पाटीवर ओला थेंब राहतो. शिक्षिका बोट लावून बघते. गुण भुताच्या बाजूला. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने रुंद पडद्याच्या दोन्ही कडा रंगवलेल्या फिल्टरनी काळवंडून टाकल्यात. मधे शिक्षिका झालेली डेबोरा कर मेणबत्ती घेऊन चाललीय, आणि कडेच्या अंधारात आपण काहीतरी शोधत बसतो. म्हणजे तिचा आजार आपल्यालाच लागतो.

शेवटी ती लहानग्या माइल्सकडून त्या मेलेल्या नोकराचं नाव वदवून घेते आणि पोरगा तिच्या हातात प्राण सोडतो. मसु, तुमचा नियम इथे उलटा लावा. मूल काही बोलतच नाही, मोठं माणूस त्याच्या तोंडून वदवून घेतं.

आणि या सगळ्याच्या वर तो काका, पहिल्याच प्रसंगात शिक्षिकेला नेमताना सांगणारा की मुलांची काही कटकट माझ्यापर्यंत आणायची नाही. खरा खलनायक तो, आणि परत फिरकत नाही.

---

चहाटळ

एवढं गंभीर झालंय तर एक गंमत. 'द बॅड सीड' (१९५६). गोड वेण्यांची आठ वर्षांची ऱ्होडा, हस्ताक्षराच्या पदकासाठी वर्गातल्या मुलाला मारणारी. मूळ कादंबरीत आणि नाटकात आई तिला झोपेची औषधं देऊन स्वतःला संपवते, आणि पोरगी वाचते. म्हणजे खुनी मूल मोकळं, आई खलास. अंगावर काटा येईल असा शेवट. पण हॉलीवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेत गुन्हेगार सुटलेला चालत नसे. मग काय केलं? आई वाचली, आणि ऱ्होडा रात्री पदक शोधायला धक्क्यावर गेली असता तिच्यावर वीज पाडली! आकाशातून, डायरेक्ट.

वर कलाकारांची ओळख करून देताना पडद्यावरची आई त्या बालनटीला मांडीवर आडवी घालून फटके देते, प्रेक्षकांनी घाबरून घरी जाऊ नये म्हणून. आणि पाटी: कृपया शेवट कोणाला सांगू नका. मी सांगितला.

---

बिनसाखरेचा

=)) वीज पाडणे हा यापुढे या संस्थळाचा अधिकृत समीक्षानिकष असावा.

आपल्याकडचं कोणी काढलं नाही म्हणून: 'तुंबाड' (२०१८). राही अनिल बर्वे. धक्कातंत्राचा सिनेमा नव्हे तो, पण शेवट मुलाच्या हातात आहे. लहानपणी विनायकला शिकवलेलं असतं की साखळदंडातली म्हातारी जागी झाली तर हस्तर या शापित देवाचं नाव घ्यायचं, ती झोपते. पिढी उलटते, विनायक स्वतः तसाच सडलेला होऊन मुलापुढे लूट धरतो, आणि पांडुरंग ती नाकारतो. तेच झोपवणारे शब्द बोलून बापाला पेटवतो. बाकीच्या सिनेमांत मूल सांगतं आणि मोठे ऐकत नाहीत. इथे बापाने आयुष्यभर जे शिकवलं ते मुलाने नको तितकं नीट ऐकलं.

---

गवतफुला

बिनसाखरेचा, मस्त.

ओसरीताई, कार्लोसच्या हसण्याचा तिसरा अर्थ मी आज रात्री परत बघून तपासते. तरी माझा मुद्दा राहतोच. इशारा द्यायचाय तर उजेड इतका सोनेरी का? नवरा, घर, काम सगळं सोडून गेलेली बाई आनंदात दाखवायची आणि म्हणायचं, बघणाऱ्याने घाबरावं. सगळे प्रेक्षक तुमच्याइतके सावध नसतात.

याच विषयावर सरळ वागणारा शेवट म्हणजे 'द बाबाडूक' (२०१४, जेनिफर केंट, ऑस्ट्रेलिया). अमेलियाला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेताना नवरा अपघातात गेला, म्हणून मुलाचा वाढदिवस आणि बापाचं वर्षश्राद्ध एकाच दिवशी. पोरगा सॅम्युअल घसा फोडून सांगतोय की घरात राक्षस आहे आणि मी तुला वाचवीन. मसु, तुमच्या नियमाला याहून चांगला साक्षीदार नाही. शेवटी बाबाडूक मरत नाही. तळघरात राहतो, ती त्याला वाडग्यातून गांडुळं नेऊन देते, तो अंगावर येतो, ती त्याला शांत करते आणि वर येऊन मुलाचा वाढदिवस साजरा करते. पहिल्यांदाच त्याच दिवशी. दुःख जात नाही, त्याला रोज खायला घालून ताब्यात ठेवावं लागतं, हे मी पालकांना सांगते तेव्हा त्यांना कळतं, कारण ते तेच करत असतात.

आणि एक, आई मुलावर अंगावर येऊन ओरडते ते प्रसंग चित्रित करताना केंटने त्या लहान नटाला समोर ठेवलं नव्हतं, त्याच्या जागी मोठ्या माणसाला गुडघ्यांवर बसवून काम भागवलं. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठीही.

---

ओसरी

सोनेरी उजेडाचा मुद्दा मान्य नाही, पण उत्तरही देता येत नाहीये. विचार करून लिहिते.

---

रंकाळा_काठ

एवढं सगळं वाचून झालं, आता आठवड्याच्या शेवटी काय लावू ते सांगा. घरात सातवीतला पोरगा आहे, तो पण बसतो म्हणतोय.

---

मधली_सुट्टी

पोराबरोबर 'दि अदर्स'. रक्त नाही, भीती पुरेशी, आणि नंतर बोलायला भरपूर. ॲन काय म्हणते तिकडे त्यालाच लक्ष ठेवायला सांगा, तो तुमच्याआधी ओळखेल. 'द ऑर्फनेज' आणि 'गुडनाइट मॉमी' तो झोपल्यावर. 'गुडनाइट मॉमी'चा २०२२चा अमेरिकन अवतारही आहे, नाओमी वॉट्सचा. तो लावू नका, ऑस्ट्रियनच शोधा. 'टेल ऑफ टू सिस्टर्स'चंही तेच, २००९ साली तिकडे 'द अनइन्व्हाइटेड' नावाने केलाय, सोडून द्या.